कासवाची पाठ कुठंय?

“नलूऽऽ, कासवाची पाठ कुठंय?”

मामा माळ्यावरून ओरडले. खाली काउंटरशी आत्या दोन्ही हातांनी उजवी कूस दाबून वाकली होती. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. तरी तिनं मान वर केली आणि एका दमात सांगून टाकलं, “तिसरी फळी, मोरपंखी साडीतलं गाठोडं, वर ससे असतील, सशांखाली कासवं. पाठी आणि पोटं वेगळी आहेत, नुसती पोटं घेऊन येऊ नका!” आणि पुन्हा वाकली.

“आत्या, पाणी देऊ?” मी कॉम्प्युटरच्या मागून विचारलं.

“पाणी नको. त्यांना सांग, ससे नीट परत ठेवा म्हणावं.”

मामा शिडीवरून उतरले. केसांत जळमटं, चेहरा लढाई जिंकल्यासारखा, आणि हातात कासवांची पोटं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी दहावीत आहे आणि माझं तोंड बंद कसं करायचं यावर आमच्या घरात अधूनमधून बैठका होतात. पण तेव्हा आठवीत मी निराळीच होते. आत्याच्या दुकानात रोज जायचे खरी, पण गिऱ्हाईक आलं की कॉम्प्युटरच्या मागे अशी लपायचे की लोकांना वाटायचं, मशीन आपोआप चालतंय.

दुकान म्हणजे तासगावची ‘झगमग ड्रेपरी’. शाळांच्या गॅदरिंगला लागणारे सगळे कपडे भाड्यानं. कोळी, मावळे, परी, पोपट, गाजर, मुळा, झाशीची राणी आणि तिचा घोडासुद्धा. हे सगळं आत्याच्या जुन्या साड्यांमध्ये बांधलेलं असायचं. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर रंगीबेरंगी गाठोडीच गाठोडी. कुठल्या गाठोड्यात काय आहे ते जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाच्या पित्ताशयात खडे झाले होते.

मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. आत्यानं ती पुढे ढकलली होती. त्यांनी परत दिली, हिनं परत ढकलली. कारण कायम तेच, सीझन. डिसेंबरात गॅदरिंगं, जानेवारीत राहिलेली गॅदरिंगं, फेब्रुवारीत शिवजयंती. खडे मात्र सीझन बघून दुखत नव्हते.

“बघितलंस?” पोटांकडे बोट दाखवत आत्या मला म्हणाली. “आणि मी मिरजेला जाऊन पडू? मी तिकडे गुंगीत आणि हे इकडे मुलांना नुसती पोटं देऊन पाठवणार.”

मामा, म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. दुकानात इस्त्री, बटणं आणि शिडी ही तीन खाती त्यांच्याकडे.

“अगं, सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलंय की पोरीनं,” मामा म्हणाले. “मला कासव पाहिजे, मी कासव दाबणार. कासव दिसणार. काय इंजिनियर?”

इंजिनियर म्हणजे मी. कॉम्प्युटर मामांनीच आणला होता, बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून. दिवाळीच्या सुट्टीत मी आईच्या फोनवर सगळ्या ड्रेसचे फोटो काढून त्यात भरले होते.

आत्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. एक जळमटांनी भरलेला, एक कॉम्प्युटरमागे अर्धी दिसणारी.

“बरं,” ती म्हणाली. “रविवारी कुंभोजकर बाई येणारेत. त्यांच्या शाळेचं अख्खं गॅदरिंग आपल्याकडे आहे. मी त्या स्टुलावर बसेन. तोंड उघडणार नाही. मला एकदाही न विचारता तुम्ही दोघांनी बाईंना पाहिजे ते सगळं दिलंत, तर मी नाताळच्या दिवशी मिरजेला जाऊन झोपते. जमलं नाही, तर त्या डॉक्टरचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढायचं नाही.”

“ठरलं!” मामा म्हणाले आणि त्यांनी खुशीत कासवांची पोटं एकमेकांवर आपटली.

लगेच सराव सुरू. आत्या वर घरात जाऊन आडवी झाली आणि मी मामांना खुर्चीत बसवलं.

“मामा, आता मी गिऱ्हाईक. मला कासव पाहिजे.”

मामांनी माउस असा धरला, जशी काही ती जिवंत उंदरीण आहे. स्क्रीनवर माझी फोल्डरं होती. सुंदर, सरळ रांगेत. अ‍ॅनिमल्स, बर्ड्स, फोक, हिस्टॉरिकल, व्हेजिटेबल्स. नावं इंग्रजीत, कारण मला ते भारी वाटत होतं.

“ही सगळी पिवळी पाकिटं,” मामा म्हणाले. “सगळी एकाच आईची लेकरं दिसतायत. कासवाचं कुठलं?”

“वाचा की!”

“गिऱ्हाईक समोर उभं असताना मी वाचत बसू?” त्यांनी एक उघडलं. पऱ्या. दुसरं उघडलं. भालदार-चोपदार. तिसऱ्यात पुन्हा एक पिवळं पाकीट होतं. “पाकिटात पाकीट! हे काय गं, लग्नाचा आहेर आहे का?”

मी हार मानणारी नव्हतेच. रात्रीच्या जेवणाआधी बसून मी प्रत्येक फोल्डरवर छान छोटं चित्र काढून लावलं. पिवळी पाकिटं गेली, चित्रं आली. मामांना बोलावलं.

“आता सांगा. कोळी नाच कुठाय?”

मी कोळी नाचाला मासा काढला होता. मामांनी मासा पाहिला आणि पुढे गेले.

“अहो, गेलात की पुढे!”

“तो मासा आहे. त्यात माशांचे ड्रेस असणार. समुद्राखालच्या नाचाचे.”

हे बरोबरच होतं. माशांचे ड्रेस आमच्याकडे खरंच होते, आणि त्यांना मी शिंपला काढला होता.

“बरं, ही तलवार कशाची?”

“कुठली तलवार? ही सुरी ना? भाजी चिरायची. म्हणजे यात गाजर, मुळा, वांगं.”

“मामाऽऽ, ते मावळे आहेत! आणि हा फेटा?”

“हा कांदा नाही होय?”

मी कपाळ टेबलावर टेकवलं. पण गंमत म्हणजे काही चित्रं मामांना अशी पटकन कळली, की मी बघतच राहिले. सेव्ह करायचं ते चौकोनी चित्र असतं ना, जुन्या फ्लॉपीचं? मामांनी जन्मात फ्लॉपी पाहिली नव्हती. ते म्हणाले, “हे शटर आहे. शटर खाली ओढलं की माल आत सुरक्षित.” आणि शोधायचं ते भिंग? “झारा. तळात गेलेलं भजं वर काढायला.” दोन्ही चूक आणि दोन्ही अगदी बरोबर!

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी मी दप्तरासकट दुकानात घुसले तर मामा खुर्चीत हाताची घडी घालून बसलेले. इतके खूश मी त्यांना रिटायरमेंटच्या हारांमध्येही पाहिलं नव्हतं.

“ये, इंजिनियर! सकाळी वाळव्याच्या शाळेचे ड्रेस परत आले. मी एकट्यानं सगळं केलं. कपडे मशीनला लावले आणि इथलेसुद्धा लावले.”

“इथले? कुठले?”

“फोटो गं! कपडे धुतले आणि फोटो तसेच मळके ठेवायचे? मग कळणार कसं, कुठला ड्रेस धुऊन झालाय?” त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. “हे तुमचं मशीन चांगलंय. आपली धुण्याची टोपली आहे ना, तश्शीच टोपली आणि वर हे बाण गरागरा फिरणारे. बघितल्याबरोबर कळलं मला.”

मी त्या कोपऱ्याकडे बघितलं. रीसायकल बिन.

“मामा,” मी अगदी हळू म्हटलं, “काय काय टाकलंत त्यात?”

“आधी वाळव्याचेच टाकणार होतो. मग म्हटलं, सीझनच्या तोंडावर सगळंच एकदा धुऊन काढावं. सगळी चित्रं उचलली आणि टाकली.”

“हरकत नाही! हरकत नाही, त्यातून परत काढता येतं…” मी माउस हिसकावून घेतला. टोपली उघडली.

टोपलीत काहीही नव्हतं.

“रिकामं केलं ना मशीन,” मामा म्हणाले. “तिथं लिहिलं होतं, एम्प्टी. ते विचारत होतं, नक्की का, नक्की का? मी म्हटलं नक्की! मशीन रिकामं केल्याशिवाय कपडे वाळत कसे घालायचे?” मग ते स्क्रीनजवळ वाकले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. “एवढंच सापडेना. दोरी कुठंय?”

फोनमधले फोटो मी आधीच उडवले होते, कारण आईचा फोन भरला होता. म्हणजे दिवाळीची अख्खी सुट्टी त्या टोपलीतून वाहून गेली होती. उद्या कुंभोजकर बाई येणार. आत्या स्टुलावर बसणार. आणि मग आत्या मिरजेला जाणार नाही, कधीच नाही.

मला रडू आलं. मामा घाबरले. “अगं, काय झालं? रंग गेला का कुणाचा?”

आणि ‘रंग गेला का’ हे ऐकून मला रडता रडता हसू फुटलं, आणि हसता हसता उचकी लागली. मी त्यांना सगळं सांगितलं. मामांचा चेहरा एवढासा झाला.

“मग तिथं टोपली कशाला काढून ठेवली त्यांनी?” ते म्हणाले. “कचऱ्याला कोण फिरवतं गरागरा?”

मी पुन्हा त्या चित्राकडे बघितलं. टोपली. फिरणारे बाण. ज्या घरात दिवसभर मशीन फिरतं, त्या घरातल्या माणसानं दुसरं काय वाचायला हवं होतं? आणि सुरी ती सुरीच दिसत होती. फेटा तर आता मलाही कांदा दिसायला लागला.

“उठा,” मी म्हटलं. “सगळं परत काढायचं. आत्या झोपलीय तोवर.”

मामांनी शटर अर्धं खाली ओढलं. खरं शटर. आम्ही पहिलं गाठोडं खाली घेतलं, ते मोरपंखी. मी गाठ सोडायला लागले तर मामा म्हणाले, “ही गोव्याची.”

“काय गोव्याची?”

“ही साडी. आमची एसटीची ट्रिप गेली होती गोव्याला, तेव्हा नलूनं नेसलेली. मी म्हटलं, पाण्यात जाऊ नको, तर मलाच हाताला धरून ओढत नेलं. दोघंही गळ्यापर्यंत भिजलो. साडी आटली, म्हणून गाठोड्याला आली.” त्यांनी आतले ससे बघून नाक मुरडलं. “हिच्यात ससे काय ठेवलेत? हिच्यात मासे पाहिजेत.”

मी मामांकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. ती सगळी गाठोडी!

“मामा, ती विटकरी कुठली?”

“ती प्रतापगडाची. अर्ध्या वाटेत चप्पल तुटली, अनवाणी चढली वरपर्यंत. मला म्हणते, तुम्ही दमलात तर बसा खाली.”

“ती पोपटी, जरीची?”

“माझ्या मेव्हणीच्या लग्नातली. वाढपी आले नाहीत तेव्हा हिनं पदर खोचला आणि पंगतीला भाजी वाढली. हा बघ, वांग्याच्या रसाचा डाग.”

ते एकही साडी विसरले असतील तर शपथ! ज्या माणसाला स्वतःचा चष्मा स्वतःच्या कपाळावर सापडत नाही, त्याला आत्या कुठल्या वर्षी कुठे काय नेसली होती ते पाठ होतं.

मग काय, आम्ही वेडे झालो. गोव्याच्या साडीत मासे, खेकडे आणि आठ हातांचा ऑक्टोपस. प्रतापगडाच्या साडीत मावळे. पंगतीच्या साडीत सगळ्या भाज्या. मी प्रत्येक गाठोड्याचा बाहेरून फोटो काढला आणि तोच त्याच्या फोल्डरवर लावला. नाव नाही, मासा नाही, तलवार नाही. फळीवर जे दिसतं तेच स्क्रीनवर. साडी दाबली की आतले ड्रेस, आणि मान वर केली की तीच साडी समोरच्या फळीवर!

आतल्या ड्रेसचे फोटो काढताना पंचाईत झाली. लहान मुलांचे कपडे जमिनीवर पसरले की ओल्या फडक्यासारखे दिसायचे. मामा म्हणाले, “आण इकडे,” आणि गाजराची टोपी डोक्यावर चढवून, अंगरखा छातीशी धरून उभे राहिले. गाजराचा चेहरासुद्धा केला. गाजराचा चेहरा कसा असतो ते मला तेव्हा कळलं. मग मुळा (जरा नाराज), भोपळा (पोट पुढे), परी (लाजलेली), झाशीची राणी (यात मात्र मामा एकदम ताठ). ऑक्टोपसाच्या वेळी सगळे हात एकमेकांत अडकून मामा गोल फिरले आणि पडले, तेव्हा वरून आत्याची हाक आली, “काय चाललंय खाली?”

“साफसफाई!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

रविवारी आत्या ठरल्याप्रमाणे स्टुलावर बसली. पदराचं टोक हातात धरून, ओठ घट्ट मिटून. कुंभोजकर बाई आल्या त्याच वाऱ्यासारख्या. पर्स, शिट्टी, यादी, मोबाइल सगळं एकाच हातात.

“नलूताई, माझं सगळं बदललंय! शेतकरी नाच रद्द. आता समुद्राखालचा नाच हवाय.”

आत्यानं फक्त मामांकडे बोट दाखवलं.

“बसा बाई,” मामा खुर्चीत सावरून म्हणाले. “आता आमच्याकडे सगळं असं आहे.” आणि त्यांनी ठसक्यात मोरपंखी साडी दाबली.

स्टूल करकरलं. आत्याला माहीत होतं ना, मोरपंखीत ससे आणि कासवं! ती अर्धी उठली, तिचं तोंड उघडलं, आणि तिनं पदराचा बोळा दातांत कोंबला. डोळे मात्र माझ्याकडे ओरडत होते, ससे आहेत, ससे आहेत!

स्क्रीनवर ऑक्टोपस मामा आले. बाई किंचाळल्या, “अय्या, भाऊ, हे तुम्ही?” आणि इतक्या हसल्या की शिट्टी खाली पडली. मामांनी मान वर केली, मोरपंखी गाठोडं बघितलं, शिडी लावली, गाठोडं खाली. गाठ सुटली. मासे.

आत्याच्या तोंडातून पदर गळून पडला.

मावळे. मामांनी विटकरी साडी दाबली. भाज्या. पोपटी जरीची. आत्या प्रत्येक वेळी दचकायची आणि प्रत्येक वेळी गाठोड्यातून बरोबर तेच निघायचं. ती आता बाईंकडे बघतच नव्हती. साड्यांकडे बघत होती.

“आणि एक राहिलं,” बाई म्हणाल्या. “गेल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत मी बघितलं होतं. तुमच्याकडचंच. हिरवं हिरवं… मुलं नुसती डुलत होती… काय होतं बाई ते?”

 मामांनी स्क्रीनकडे बघितलं. आत्या आता हातानं खुणा करायला लागली, बोटांनी गोल गोल, गोल गोल. मी पटकन तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. खुणा म्हणजे पण सांगणंच!

मामांनी एक साडी दाबली. पोपट आले.

“छे, पक्षी नव्हते,” बाई म्हणाल्या.

शुक्रवारचे मामा असते तर घाबरून माउस सोडून उठले असते. आजचे मामा म्हणाले, “चुकलो. काही बिघडत नाही.” आणि मागे जायचा बाण दाबता दाबता त्यांनी टेबलावर थाप मारली, गाडी रिव्हर्स घेताना कंडक्टर पत्र्यावर मारतो तशी. “आने दो, आने दो, आने दो… बास!” दुसरी साडी. पाऊसपाणी, बेडूक. “आने दो, आने दो… बास!” मग त्यांनी डोळे बारीक केले. “डुलत होती म्हणता? एकाला एक लागून?” आणि कोपऱ्यातली फिकट जांभळी साडी दाबली.

स्क्रीनवर मामा हिरव्यागार फुग्यांच्या घोसात हनुवटीपर्यंत बुडालेले. द्राक्षं!

“हेच! हेच!” बाईंनी मामांच्या पाठीत एक धपाटा घातला.

सगळं गाठोड्यांसकट रिक्षात गेलं. बाई बाहेर उभ्या राहून रिक्षावाल्याला ऑक्टोपस कसा धरायचा ते शिकवत होत्या, आणि आत मी आणि मामा फेर धरून नाचत होतो.

“आत्या, एकदाही नाही विचारलं! एकदाही! आता तोंड उघड की!”

आत्या स्टुलावरच होती. “ती मोरपंखी,” ती मामांना म्हणाली. “गोव्याची म्हणून त्यात मासे ठेवलेत?”

“मग? माझ्या नाकातोंडात किती पाणी गेलं होतं!”

“आणि जांभळी?”

“आपण पहिल्यांदा द्राक्षबागेत फोटो काढला ती. तुझा घोस मी खाल्ला म्हणून फोटोत तू रिकामा देठ धरलायस.”

आत्या हसली. मग हसणं मध्येच थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी सहज, भाजी कशी दिली विचारावं तसं विचारलं, “प्रांजल, तो मागे जायचा बाण आहे ना. चुकलं की दाबायचा. ऑपरेशनला असतो का गं तसा?”

माझे पाय जागच्या जागी थांबले. मामांचेही.

“नसतो,” मामा म्हणाले. ते तिच्याजवळ गेले. “म्हणून मी येतो.”

“तुम्ही कसे याल? तुम्हाला दुकानात थांबायचंय. त्यासाठी तर पोरीनं एवढा सगळा खटाटोप केला.”

“अगं, मला वाटलं तुला दुकानाची काळजी आहे.”

“दुकानाचीच आहे,” आत्या म्हणाली आणि तो दातांनी चुरगाळलेला पदर तिनं डोळ्यांना लावला.

बाप रे! आम्ही मामांना दुकानात बसायला शिकवलं, आणि हिला ते बरोबर हवे होते. सुरुवातीपासून. आणि ते मागायचं कसं, तर दुकान बंद करून? सीझनमध्ये?

“दुकान मी बघते,” मी म्हटलं.

“तू?” आत्यानं पदर खाली केला. “तू गिऱ्हाईकाला ‘या’ म्हणतेस ते मला शेजारी बसून ऐकू येत नाही.”

मी छाती भरून श्वास घेतला. “याऽऽऽऽ!”

रस्त्यावर सायकलवाल्यानं ब्रेक दाबला. रिक्षापाशी उभ्या असलेल्या कुंभोजकर बाई धावत आत आल्या. “काय गं? माझं काही विसरलं का?”

बाईंचं गॅदरिंग पार पडून गाठोडी फळ्यांवर परत आली आणि नाताळच्या दिवशी सकाळी दोघं मिरजेला गेले. आत्या जाताना काहीच बोलली नाही. म्हणजे ससे, पोटं, बटणं, काहीच नाही. फक्त दाराशी उभी राहून एकदा भिंतीकडे बघून गेली. मामांनी तिची पिशवी घेतली आणि दुसऱ्या हातानं तिचा हात.

मी शटर वर केलं. काउंटरच्या पुढे उभी राहिले, मागे नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा माझा ‘या’ जरा फाटकाच निघाला. दुसऱ्याला बरा. दुपारपर्यंत तर मी पोपटांच्या चोची कशा बांधायच्या यावर एका सरांना भाषण देत होते. आई डबा देऊन गेली, त्यातली पोळी मी उभ्यानंच खाल्ली. सारखी घड्याळाकडे नजर जात होती. मग एक आजोबा नातीला घेऊन आले. नातीला वांगं व्हायचं होतं. मी पोपटी जरीची साडी दाबली आणि वांगं मामा बघून नात इतकी हसली, इतकी हसली की आजोबा म्हणाले, “हाच फोटो घेऊन जाऊ का?”

मी शिडीवरून गाठोडं उतरवत असतानाच फोन वाजला.

“झालं,” मामांचा आवाज ओला होता. “बाहेर आली. खडे दाखवले मला डॉक्टरांनी, एवढाले. थांब, ती फोन मागतीय. अगं नलू, डॉक्टर बोलू नको म्हणालेत…”

खरखर झाली. मग आत्याचा आवाज, जड, लांबून आल्यासारखा. “गिऱ्हाईक आहे?”

“आहे.”

“काय मागतंय?”

“वांगं. लहान साइजमध्ये.”

“वांगं ना… वरची फळी… पिवळ्या काठाच्या…” गुंगीत ती जुनी जागा सांगत होती.

“आत्या, सापडलं.”

पलीकडे कुणाची तरी ट्रॉली गेली. मामा काहीतरी पुटपुटले.

“सापडलं?” आत्या म्हणाली.

“हो. हातात आहे माझ्या.”

“बरं,” आत्या म्हणाली. “मग झोपते मी.”